सात चुलींचा धूर

प्रारंभीच वाचकांची क्षमा मागते. चौतीस वर्षे मी इतरांचे लेखन तपासले; स्वतः मात्र प्रगतिपुस्तकांवरील शेरे आणि पालकांना धाडायच्या चिठ्ठ्या यांपलीकडे काही लिहिले नाही. वयाच्या पासष्टाव्या वर्षी एखाद्या माणसाविषयी लिहायला बसणे हे धाडस आहे, आणि धाडस माझ्या स्वभावात नाही. त्यातून ज्यांच्याविषयी लिहायचे ते गृहस्थ स्वतःविषयी जवळजवळ आयुष्यभर गप्प राहिले. तेव्हा यात जे चुकेल ते माझे समजावे. जे नेमके उतरेल ते त्यांच्या नजरेचे.

आम्ही सारे त्यांना हवालदार म्हणत असू. वडीगोद्रीला महामार्गाच्या कडेला ताडपत्र्या शिवण्याचे त्यांचे दुकान होते. फौजेतून आल्यावर त्यांनी ते घातले आणि शेवटपर्यंत चालवले. त्यांची पहिली ओळख पटे ती एका विचित्र सवयीमुळे. हवालदार एसटी थांबवण्यासाठी हात वर करीत नसत. थांब्यावर ताठ उभे राहत, दोन्ही हात पाठीशी बांधून, आणि येणाऱ्या गाडीकडे नुसते बघत. जुने चालक ओळखून थांबत. नवा चालक असला की गाडी धूळ उडवत निघून जाई आणि हवालदार तितक्याच शांतपणे पुढच्या गाडीची वाट पाहत. त्यांच्या दुकानासमोर कापडाचे दुकान असलेले शेठजी, ज्यांचे पणजोबा राजस्थानातून इकडे आले होते, हा प्रकार गादीवर बसून रोज पाहत आणि रोज बोलत.

"हवालदार, हाताला काय धोंडा बांधलाय का? जरासा वर केला तं काय बिघडंल?"

"ज्याला थांबायचं तो थांबतो, शेठजी."

"अन् न्हाई थांबला तं?"

"तं मी थांबतो."

शेठजी मान हलवून गिऱ्हाइकाकडे वळत. पण प्रश्न विचारण्याचे त्यांनी कधी सोडले नाही.

मी वडीगोद्रीच्या शाळेत इतिहास शिकवायला आले तेव्हा आईला घेऊन रस्त्याच्या पलीकडे एका माळवदाच्या दोन खोल्यांत राहत होते. आमची गच्ची हवालदारांच्या दुकानातून दिसे. वर्ष-दीड वर्ष झाले असेल, आमची बोलण्याइतकी ओळखही नव्हती. एके दिवशी शाळेच्या व्यासपीठावरचे फाटलेले छत घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी कापड उलगडले, फाटके भाग खडूने खुणावले आणि मान वर न करता म्हणाले, "आईची तब्येत जास्त हाय का, बाई?"

आई अंथरुणाला खिळली होती हे मी शाळेतही कुणाला सांगितले नव्हते. मी चकित होऊन विचारले, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्याच्यात? बारा दिवस झाले, तुमच्या दोरीवर नऊवारी लुगडं न्हाई. नुसते पंचे अन् चादरी वाळून राह्यल्या." मग जरा संकोचून म्हणाले, "बघत न्हाई मी कुणाच्या दोरीकडं. दिसतं. काय हाय ते सगळ्यांनाच दिसतं, बाई. काय न्हाई ते बघायची खोड लागली मला."

त्या संध्याकाळी अंबडहून येणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी आमच्या दारात आणून उभे केले. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "छत गुरुवारी भेटंल."

ही खोड दुकानात पाहण्यासारखी असे. महामार्गावरून जाणारा मालट्रक पाहून ताडपत्रीखाली काय आहे ते ते सांगत. जालन्याच्या एमआयडीसीतून निघालेल्या सळया, मोसंबीचे क्रेट, सरकीची पोती, सगळे त्यांना टायरांच्या बसकेपणावरून आणि दोरीच्या पिळावरून कळे. शेठजी पैज लावत आणि हरत. एकदा शेठजींनी स्वतःच्याच टेम्पोवर रिकामी खोकी रचून वर ताडपत्री ओढली आणि मोठ्या ऐटीत विचारले, "बोला, काय भरलंय?"

हवालदारांनी टेम्पोकडे नाही, चालकाकडे पाहिले. "हा पोटभर जेवून, पान खाऊन निघालाय. माल असता तं ह्यानं आधी दोऱ्या तपासल्या असत्या. रिकामा हाय."

"तुम्ही फौजेत बंदूक चालवली का सुई, ते एकदा खरं सांगा बरं," शेठजी चिडून म्हणाले.

"सुईच," हवालदार दाभणात दोरा ओवत म्हणाले. "पण विमानं यायची माझी शिलाई बघायला."

सगळे हसले. मीही हसले. ते विनोद करीत नव्हते हे कळायला मला पुढे कित्येक वर्षे लागली. गावात मात्र "सुईवाला फौजी" हे नाव पक्के झाले. झेंडावंदनाला इतर माजी सैनिकांना पुढच्या खुर्च्यांवर बसवत. हवालदार मागे उभे राहत, कारण छताच्या दोऱ्या त्यांनीच बांधलेल्या असत.

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती, तिचा अर्थ मला तेव्हा लावता आला नाही. त्यांच्या दुकानात शेगडी नव्हती. सगळ्या दुकानांतून दुपारी चहा उकळे. यांचा चहा शेजारच्या हॉटेलातून येई. हिवाळ्यात मजूर रस्त्याच्या कडेला काटक्या पेटवून शेकत, तेव्हा हवालदार दुकानाच्या आतल्या बाजूला जाऊन बसत, पाठ फिरवून.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात लढायांचे वर्णन असते. त्यांत कुठेतरी एक ओळ येते: "शत्रूची दिशाभूल करण्यात आली." मी ती ओळ वर्षानुवर्षे वाचली आणि पुढे गेले. एकदा सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासत मी हवालदारांच्या दुकानात बसले होते. त्यांनी एक उत्तरपत्रिका उचलून ती ओळ मोठ्याने वाचली आणि विचारले, "कुणी केली, बाई?"

"काय?"

"दिशाभूल. कुणी केली ते कामून न्हाई लिहिलं? बांबू कुणी बांधले, पोती कुणी शिवली?"

मी म्हणाले, "पुस्तकात एवढंच आहे." हे उत्तर देताना मला माझीच लाज वाटली. मग धीर करून मीच विचारले, "तुम्ही शाळेत येऊन सांगाल का?" ते नाही म्हणाले. त्यानंतरही तीन वर्षे नाहीच म्हणत राहिले. चौथ्या वर्षी म्हणाले, "सांगनार काहीच न्हाई. करून दाखवतो. सुट्टीच्या दिवशी बोलवा पोरांना."

एका रविवारी नववीच्या वर्गाला त्यांनी काम दिले. शाळा बंद आहे. पण महामार्गाच्या पुलावरून पाहणाऱ्याला ती भरलेली दिसली पाहिजे. एकही विद्यार्थी नजरेस पडता कामा नये. मुलांनी घरोघरून चपला आणून वर्गांच्या दारांशी मांडल्या, झाडाखाली सायकली लावल्या, खिडक्यांतून दप्तरे दिसतील अशी ठेवली. हवालदार पुलावर जाऊन उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "खोटं हाय. लगेच कळतं."

"काय चुकलं, आबा?" एका मुलीने विचारले.

"चपला सरळ हायेत. खरे पोरं चपला सरळ ठेवतेत का? एक इथं, एक तिथं, एखादी उलटी. अन् कावळे कुठं हायेत? शाळा भरली म्हणजे डबे उघडले, डबे उघडले म्हणजे कावळे आले. कावळा न्हाई तिथं माणूस न्हाई, हे आभाळातून बघणाऱ्याला बराबर माहीत असतं."

मुलांनी चपला विस्कटल्या, पोळ्यांचे तुकडे भिंतीवर टाकले. कावळे आले. आणि थोड्याच वेळात आमचे मुख्याध्यापक मोटारसायकलवरून धापा टाकत आत शिरले. "रविवारी शाळा कुणाच्या परवानगीनं भरवली? मला का कळवलं नाही?" असे ओरडत ते वर्गात गेले, तो वर्ग रिकामा. मुलांच्या हसण्याने शाळा दणाणून गेली. हवालदारांना इतके मोकळे हसताना मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

मुख्याध्यापकही हसले आणि त्यांनीच हट्ट धरला की आणखी एकदा होऊ द्या. हवालदार पुन्हा पुलावर गेले. मी फाटकापाशी उभी होते. पुलावरून त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि हात उंच करून हलवला, डावीकडच्या सायकली पुढे घ्या अशी खूण केली. एक मुलगा पळत सायकलींकडे निघाला. त्याच क्षणी हवालदारांचा हात खाली आला. ते पुलाच्या कठड्यावर बसले. मी तिथवर पोहोचले तेव्हा ते रुमालाची घडी घालत होते. घडी काही केल्या जमत नव्हती.

"ऊन लागलं का?" मी विचारले.

"पोराला म्हनावं, परत ये. राहू दे सायकली." एवढे बोलून ते दुकानाकडे निघून गेले. पुन्हा शाळेत आले नाहीत, आणि मी कारण विचारले नाही. भिडस्त माणसांची ही एक सोय असते. न विचारण्याला ती सभ्यता म्हणतात.

मी निवृत्त झाले. आई गेली होती. वडीगोद्री सोडून जाण्यासारखे दुसरे गाव मला उरले नव्हते. दुपारी हवालदारांच्या दुकानात वर्तमानपत्र वाचत बसण्याची सवय लागली. एके दुपारी त्यांनी यंत्राचा पट्टा काढून ठेवला आणि विचारले, "बाई, तुम्ही इतिहासाच्या. गुपित किती वर्षं ठेवायचं असतं?"

मग त्यांनी जे सांगितले ते मी त्यांच्याच क्रमाने लिहिते.

एकाहत्तरच्या लढाईत ते वाळवंटात होते. वय चोविशीचे. त्यांच्या तुकडीचे काम खोट्या तोफा उभारण्याचे. बांबूचे सांगाडे, त्यांवर पोती आणि कापड, वरून रंग. खऱ्या तोफा दोन टेकड्या पलीकडे जाळ्यांखाली झाकलेल्या. शत्रूच्या विमानांनी खोट्यांना खरे समजावे आणि खऱ्यांना वाळू समजावे, एवढाच हेतू. हवालदार तेव्हा साधे जवान होते, पण नजर तीच. म्हणून साहेबांनी त्यांना वेगळे काम दिले: रोज लांबच्या टेकाडावर उभे राहायचे, शत्रूच्या डोळ्याने स्वतःचा तळ पाहायचा आणि काय खोटे वाटते ते सांगायचे.

"मीच म्हनलं साहेबाला, तोफा झ्याक झाल्या, पण हितं कुणी जेवत न्हाई. धूर कुठं हाय? साहेबानं पाठ थोपटली. सात चुली मांडल्या मंग. तीन-तीन दगडाच्या. दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले. कावळ्यांना रोट्या टाकल्या. रोज फटफटलं की एकानं जाऊन सातही चुली पेटवायच्या अन् पळत येऊन खंदकात बसायचं. खोट्याला एक तरी खरा माणूस लागतो, बाई. त्याच्याबिगर ते उभंच राहत न्हाई."

तो खरा माणूस म्हणजे त्यांचा जोडीदार. तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यातला. दोघांची गावे बैलगाडीच्या अंतरावर. गोठ्यात डासांसाठी ओल्या पोत्याचा तुकडा जाळून दाट धूर कसा करावा, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. त्याच्यासारखा धूर तुकडीत कुणाला साधत नसे, म्हणून ते काम त्याने आपणहून घेतले. "गोठ्यातलं काम करतो अन् पगार फौजेचा घेतो," असे तो म्हणे.

त्या सकाळी सातपैकी सहा चुलींचा धूर वर आला. डावीकडची शेवटची विझली. जोडीदार खंदकाच्या वाटेला लागला होता. टेकाडावर उभ्या असलेल्या हवालदारांच्या हातात खुणेचे छोटे निशाण होते.

"मी हात वर केला. डावीकडं धूर कमी, अशी खूण केली. सहा चुलींनी काय बिघडत व्हतं? काहीच न्हाई. पण मला सात दिसायला पाहिजे व्हत्या. त्यानं बघितलं, हसला असंल, लांबून काय दिसतं, अन् माघारी फिरला. चूल पेटली. धूर झाला. अन् विमानं आली."

खऱ्या तोफांपैकी एकीलाही ओरखडा उठला नाही. फसवणूक पूर्ण यशस्वी झाली. तुकडीला ताकीद मिळाली की या कामाविषयी कुठेही बोलायचे नाही, कारण ही युक्ती पुन्हा लागेल. हवालदार गप्प राहिले. पण दुसऱ्या तुकडीतला कुणी रजेवर आला आणि त्या खेड्यात सांगून गेला की तुमचा माणूस चूल पेटवताना बॉम्बखाली सापडला. गोष्ट खरी होती, म्हणून तर ती खोडून काढता येईना. गावाने त्याचे नाव ठेवले, "चुलीपुढं मेलेला फौजी". शाळेपुढे झेंड्याचा चौथरा बांधला तेव्हा त्याच्यावर नाव कोरायचा विषय निघाला, तर कुणीतरी म्हणाले, "लढताना गेला असता तं कोरलं असतं. भाकरी थापताना गेल्याचं काय कोरायचं?" त्याच्या बायकोने ते ऐकले. तेव्हा तिच्या कडेवर वर्षाचा मुलगा होता.

"दरसाल पावसाळ्याच्या आधी जाऊन तिच्या छपरावर ताडपत्री बांधून येतो," हवालदार म्हणाले. "ती भाऊजी म्हनते. चहा ठेवते. मी अंगणातच बसतो. चूल दिसती आतून."

त्यांचे एकच म्हणणे होते. हे सगळे मी नीट लिहावे आणि त्यांनी ते वहिनीला, म्हणजे जोडीदाराच्या बायकोला, सांगावे, तिच्या गावालाही कळावे. आणि मी काय केले? मी घाबरले. गुपित उघड करण्यात काही कायद्याची अडचण येईल का, असे मला वाटले. "आधी लेखी विचारून घेऊ," मी म्हणाले. मी पत्र लिहिले. ते योग्य ठिकाणी गेले की नाही तेही मला नक्की सांगता येणार नाही. उत्तर आले नाही. हवालदार दर आठवड्याला विचारत, "कागद आला का, बाई?" मी नाही म्हणून मान हलवी. असे दोन पावसाळे गेले. माझ्या भिडस्तपणाने त्यांची दोन वर्षे खाल्ली, हे इथे लिहिल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

शेवटी तेच म्हणाले, "ज्या साहेबानं तोंड बंद ठेवा म्हनलं ते गेले. ज्याला फसवलं तो पायलट जगला असंल तं माझ्यावानी चष्मा हुडकत बसला असंल. आता गुपित फक्त वहिनीपासून राह्यलंय. चला."

आम्ही तीर्थपुरीला उतरून तिथून रिक्षाने त्या खेड्यात गेलो. वहिनी पंचाहत्तरीच्या आसपास असतील. मुलगा जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात. सून शेतात गेली होती. वहिनींनी आम्हाला पाहून म्हटले, "भाऊजी, अजून तं उन्हाळाबी लागला न्हाई. ताडपत्री इतक्या जल्दी?"

"ताडपत्री न्हाई आणली, वहिनी. आज आत बसू द्या."

ते चुलीसमोर जाऊन बसले. आता तिथे गॅस होता, पण जुनी चूल कोपऱ्यात सारवून ठेवलेली होती. त्यांनी सगळे सांगितले. बांबू, पोती, कावळे, सात चुली. शेवटी निशाणाचेही सांगितले. "तो वाचला असता. खंदकाकडं निघाल्ता. मी हात वर केला."

वहिनींनी सूप पुढे ओढले. सुपातले तांदूळ त्यांनी एकदा डावीकडे केले, एकदा उजवीकडे. मग विचारले, "सातवी चूल पेटली का मंग?"

"पेटली."

"धूर बराबर झाला?"

"काळाभोर, वहिनी. असा धूर मी जन्मात पाह्यला न्हाई. आभाळातून बघणाऱ्याला वाटलं असंल, पलटणच्या पलटण जेवायला बसली."

"त्यायला यायचं ते," वहिनी म्हणाल्या. "आमच्या गोठ्यात डास टिकत नव्हता." त्यांनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे ते भाकरी थापत नव्हते."

"न्हाई. बिलकुल न्हाई. तिथं पीठच नव्हतं, वहिनी."

चहा झाला. हवालदारांनी तो आत बसूनच घेतला. निघताना ते चपला घालायला पुढे गेले तेव्हा वहिनींनी माझा हात धरला. "बाई, तुम्ही लिहिणार म्हनले भाऊजी. चुलीचं लिहा. गावाला वाचून दाखवा. पण ते निशाणाचं गाळा. पन्नास वर्षं माझ्या डोक्यावरचं छप्पर त्या माणसानं गळू दिलं न्हाई. माझा पोरगा त्याला काका म्हणतो. ते तसंच राहू द्या."

मी होकारार्थी मान डोलावली. मला दुसरे काय करता आले असते?

रस्त्यावर आम्ही एसटीची वाट पाहत उभे राहिलो. हवालदार म्हणाले, "सगळं लिहा, बाई. निशाणसुद्धा. अर्धं लिहिलं तं ते पुन्हा बांबूची तोफच झाली. आयुष्यभर खोटं इतकं बराबर बनवलं, आता एक गोष्ट तरी खरी राहू द्या." मी पुन्हा मान डोलावली. तासाभरात दोन माणसांना दोन वचने दिली होती, आणि दोन्ही उलट दिशांची. वहिनींचे बोलणे त्यांना सांगण्याचा धीर मला झाला नाही.

तेवढ्यात वळणावर एसटी दिसली. चालक अनोळखी असावा. गाडीचा वेग कमी होईना. हवालदारांनी पाठीशी बांधलेले हात सोडले, उजवा हात डोक्याच्या वर नेला आणि गाडी थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला.

त्यानंतर ते नऊ महिने होते. शेठजींना एसटीची गोष्ट कळली तेव्हा त्यांनी दुकानभर पेढे वाटले आणि "इतकी वर्षं हात भाड्यानं दिल्ता काय?" असे विचारून घेतले. हवालदारांनी एक दिवस हॉटेलवाल्याची जुनी शेगडी मागून आणली आणि मला स्वतः चहा करून दिला. तो फार वाईट झाला होता.

हिवाळ्याच्या आरंभी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. समोर त्यांच्या दुकानामागची दोरी दिसत होती. तिच्यावर एक खाकी पंचा रोज असे. त्या दिवशी तो नव्हता. आदल्या दिवशीही नव्हता, हे मला तेव्हा आठवले. मी ओले कपडे तिथेच टाकून खाली धावले. शेठजींना हाक मारली. दोघांनी मिळून दुकानामागच्या त्यांच्या खोलीचे दार ढकलले. हवालदारांना ताप होता आणि श्वास लागला होता. आम्ही त्यांना जालन्याला नेले. तिसऱ्या दिवशी ते गेले. शुद्धीवर असताना एकदा त्यांनी विचारले, "कसं कळलं, बाई?" मी म्हणाले, "दोरीवर पंचा नव्हता." ते हसले. "शिकल्या तुम्ही," म्हणाले. माझ्या आयुष्यात मला मिळालेला हा एकमेव शेरा आहे जो मी जपून ठेवला आहे.

त्यांच्यावरची शेवटची ताडपत्री, म्हणजे अंगावर घालायचे शेवटचे वस्त्र, शेठजींनी आपल्या दुकानातले नवे कोरे कापड काढून स्वतः शिवली. शिलाई वाकडी आली. "चालतंय," शेठजी डोळे पुसत म्हणाले, "सरळ आली असती तं ते म्हनले असते, खोटं हाय."

वहिनींच्या मुलाला मी चुलींची हकिगत सांगितली आहे, निशाणाची नाही. त्याने गावात शब्द टाकला. चौथऱ्यावर नाव कोरायचे ठरले आहे, आणि येत्या झेंडावंदनाला मी तिथे उभी राहून ही हकिगत वाचावी अशी गावाची इच्छा आहे. वहिनी पहिल्या रांगेत बसणार आहेत, त्यांच्या शेजारी त्यांचा मुलगा. इथे निशाणही लिहिले आहे, म्हणूनच मी कुणाचेही नाव आणि त्या खेड्याचे नाव लिहिलेले नाही. वाचायचा कागद मात्र वेगळा आहे, आणि तो मी दोन प्रकारे लिहून ठेवला आहे. एकात सात चुली आहेत आणि निशाण नाही. दुसऱ्यात दोन्ही आहेत. आजवर जे ठरवायचे ते मी कुणाच्या तरी कागदाची वाट पाहत पुढे ढकलत आले. या वेळी कागद कुठून यायचा नाही.

तुम्ही माझ्या जागी असता, तर त्या दिवशी यांतला कोणता कागद वाचला असता?